बुद्धी मोजायची ती कशासाठी?

नांगर, कुळव, कुरी, बैल. या चारांतला गटात न बसणारा शब्द कोणता?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव संचांत या धर्तीचे प्रश्न पानोपानी असतात. उत्तर ठरलेले असते : बैल. बाकीची तिन्ही अवजारे, बैल तेवढा प्राणी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावच्या शिवारात ज्या घरी अजून बैलजोडी आहे, त्या घरातला मुलगा मात्र इथे थबकू शकतो. त्याच्या डोळ्यांपुढे शेत येते. बैल काढून घेतला तर नांगर, कुळव आणि कुरी बांधावरच पडून राहणार; मग वेगळे काढायचे तरी कुणाला? तो विचार करतो आहे, चांगला विचार करतो आहे, आणि त्याचे दोन गुण जाणार आहेत.

ही अडचण जुनी आहे आणि ती साऱ्या जगात आढळलेली आहे. अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत शेतकऱ्यांपुढे चार चित्रे ठेवली होती : हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी ओंडका बाजूला काढायला नकार दिला. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड चालवायची कशावर, असा त्यांचा सवाल होता. पुढे मायकेल कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायबेरियातल्या क्पेले लोकांत असेच प्रयोग केले. वस्तूंचे गट पाडायला सांगितल्यावर तिथल्या माणसांनी सुरी आणि संत्रे एकत्र ठेवले, कारण सुरीने संत्रे कापतात. शहाणा माणूस असेच लावतो, असे त्यांनी बजावले. शेवटी प्रयोग करणाऱ्याने विचारले, की मूर्ख माणूस हे कसे लावेल? तेव्हा त्यांनी झटक्यात अन्न एकीकडे, भांडी एकीकडे, अवजारे एकीकडे अशी मांडणी करून दाखवली. पाश्चात्त्य चाचणीला नेमके तेच उत्तर हवे होते. त्या माणसांना ते येत होते. फक्त त्यांच्या लेखी ते मूर्खाचे उत्तर होते.

आपल्याकडे या प्रश्नांच्या पेपरावर ठळक अक्षरांत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असे छापलेले असते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते त्या शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा आणि गणिताच्या जोडीला हा स्वतंत्र विषय आहे. वर्षानुवर्षे चौथी आणि सातवीला होणारी ही परीक्षा २०१७ मध्ये पाचवी आणि आठवीला नेली गेली. इयत्ता बदलल्या, पण विषयाचे नाव तेच राहिले. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तर शंभरापैकी ५० गुण मानसिक क्षमतेला : आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अर्धवट चौकट कोणत्या तुकड्याने पुरी होईल. कोल्हापूर जिल्ह्याचे नवोदय कागलला आहे आणि तिथल्या मोजक्या जागांसाठी जिल्हाभरातली मुले झटत असतात. आमच्या भागात शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी हा गावाच्या अभिमानाचा विषय असतो. शिक्षक सुट्टीतही ज्यादा तास घेतात, यादीत आलेल्या मुलांचे फलक चौकात लागतात. या सगळ्या धडपडीबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यातून अनेक गरीब घरांतली मुले पुढे गेली आहेत. पण ज्या गोष्टीची चाचणी आहे ती गोष्ट नेमकी काय, हे त्या पेपरात, त्याच्या मार्गदर्शकात किंवा त्या फलकावर कुठेही लिहिलेले सापडत नाही. लिहायला कुणी विसरले असे नाही. ते लिहिणेच अवघड आहे.

व्याख्या कशी तपासावी याचे एक उत्तम हत्यार आपल्या परंपरेत आहे. न्यायशास्त्राने व्याख्येचे, म्हणजे लक्षणाचे, तीन दोष सांगितले आणि उदाहरणाला गाय घेतली. ‘तांबूस रंगाचा प्राणी म्हणजे गाय’ म्हटले तर पांढऱ्या आणि काळ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ म्हटले तर म्हैस आणि शेळीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘अखंड खुराचा प्राणी’ म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, कारण गायीचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. नैयायिकांना पसंत पडलेले लक्षण होते गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे सास्ना. सगळ्या गायींना ती असते आणि त्यांच्या मते इतर कुणाला नसते. व्याख्येतच व्याख्या करायची गोष्ट गृहीत धरली तर आत्माश्रय नावाचा आणखी एक दोष लागतो.

आता बुद्धीच्या व्याख्या या चाळणीतून घालून पाहू. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकाने त्या काळच्या नामवंत संशोधकांना विचारले, की बुद्धिमत्ता म्हणजे काय. चौदा जणांनी उत्तरे दिली आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत. लुईस टर्मन यांच्या मते अमूर्त विचार करण्याची क्षमता म्हणजे बुद्धिमत्ता. मग ज्या सुताराला नुसत्या नजरेने लाकडातला बाक कळतो आणि ज्या सुईणीला हाताने बाळाची ठेवण कळते, ती दोघे बाहेर राहिली, अव्याप्ती झाली. दुसऱ्या काहींनी परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता असे म्हटले. मग झुरळही आत आले, कारण त्याच्याइतके जुळवून घेणारे क्वचितच कुणी असेल. शिवाय सत्तेपुढे मान तुकवणाराही बुद्धिमान ठरला आणि न तुकवणारा बिनडोक. दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, एडविन बोरिंग यांनी गाठ एका घावात तोडली : बुद्धिमत्तेच्या चाचण्या जे मोजतात ती बुद्धिमत्ता. हा शुद्ध आत्माश्रय. पण बोरिंग यांनी ते थट्टेने लिहिलेले नव्हते. मोजमाप पुढे न्यायचे तर कुठून तरी सुरुवात करावी लागते, असा त्यांचा आग्रह होता, आणि भौतिकशास्त्रातही असे घडले आहे. उष्णता म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधी तापमापक आला.

१९८६ मध्ये रॉबर्ट स्टर्नबर्ग आणि डग्लस डेटरमन यांनी हाच प्रश्न दोन डझन तज्ज्ञांना पुन्हा विचारला. पासष्ट वर्षांनीही एकमत नव्हते. २००७ मध्ये शेन लेग आणि मार्कस हुटर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी छापील व्याख्या गोळा केल्या. त्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त बुद्धीचे लक्षण केले, तेव्हा त्याने बुद्धी आणि ज्ञान एकच मानले आणि माणसाच्या साऱ्या व्यवहाराचे कारण तिच्यात पाहिले. त्या लक्षणात कुणाला जास्त आणि कुणाला कमी हा प्रश्नच उठत नाही. ते बुद्धी असलेल्या आणि नसलेल्या वस्तूंमधला भेद सांगते. आपल्याला हवी असलेली व्याख्या वेगळी आहे. आपल्याला माणसांची रांग लावायची आहे, आणि रांग लावायची गरज आधी आली, व्याख्येचा शोध तिच्या मागून निघाला. म्हणून रांग कशासाठी लावायची आहे, हे सांगितल्याशिवाय बुद्धीची कुठलीच व्याख्या तपासता येत नाही.

वडगावच्या सोमवारच्या बाजारात जनावर घ्यायला आलेला शेतकरी हे सहज पाळतो. तो बैलाचे दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून घेतो. पण चांगला बैल कोणता, या प्रश्नाला तो मोघम उत्तर देणार नाही. औताला पाहिजे की शर्यतीला, हे तो आधी विचारेल, कारण त्याप्रमाणे तो वेगळीकडे बघणार असतो.

बुद्धिमापनाची सुरुवातही अशाच एका स्पष्ट हेतूने झाली होती. फ्रान्समध्ये सक्तीचे शिक्षण आल्यावर नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९०४ मध्ये सरकारने समिती नेमली आणि १९०५ मध्ये आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी तीस प्रश्नांची श्रेणी तयार केली. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल ते ओळखणे, एवढेच तिचे काम. ही श्रेणी म्हणजे बुद्धीची उंची मोजणारी पट्टी नव्हे, याची बिने यांना जाणीव होती. बुद्धी जन्मजात ठरलेली आणि न वाढणारी असते, या मताला त्यांनी १९०९ च्या पुस्तकात कडाडून विरोध केला. १९११ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. १९१६ मध्ये टर्मन यांनी त्याला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. एका हेतूसाठी केलेल्या निदानाचा असा एक आकडा झाला, आणि आकडा हेतूला सोडून एकटा हिंडू लागला.

तो कुठे कुठे गेला हे विसरता कामा नये. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत हेन्री गोडार्ड काम करत. त्यांनी बिनेची श्रेणी अमेरिकेत आणली आणि १९१३ मध्ये एलिस बेटावर उतरणाऱ्या, दीर्घ प्रवासाने थकलेल्या, भाषा न समजणाऱ्या परदेशी लोकांवर ती चालवली. त्यांतल्या बहुसंख्यांना मंदबुद्धी ठरवले. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक नावाच्या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तिघींवर मंदबुद्धीचा शिक्का मारला गेला होता. मदतीसाठी केलेले साधन वीस-पंचवीस वर्षांत इथवर पोचले.

आपल्या भागात बिने मराठीतून आले ते या मानाने सौम्य रूपात. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी या श्रेणीची सुधारित आवृत्ती केली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे पुस्तक निघाले. आपल्या मुलांना परक्या देशाच्या प्रश्नांनी मोजू नये, ही त्यामागची जाण आजही मोलाची वाटते. ती ‘बिने-कामत चाचणी’ अजून आपल्या दवाखान्यांत आणि समुपदेशन केंद्रांत वापरात आहे. म्हणजे आजच्या मुलाची तुलना नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांशी होते. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत चाचणीवरची सरासरी कामगिरी दर दशकाला सुमारे तीन गुणांनी वाढत आली आहे. पुढे अनेक देशांत तसेच आढळले. मापे जुनी ठेवली, तर आजचे मूल प्रत्यक्षापेक्षा वरचे दिसते. ज्याला मदत मिळायला हवी, त्याचा आकडा कागदावर फुगतो आणि मदत हुकते. बुद्धी म्हणजे काय, हा प्रश्न अशा वेळी पुस्तकी राहत नाही.

चाचण्यांवर टीका करणारे पुष्कळदा त्यांना थोतांड म्हणून मोकळे होतात. ते मला पटत नाही. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये जे पाहिले ते अजून टिकून आहे : शब्दांच्या, अंकांच्या आणि आकृत्यांच्या चाचण्या वेगवेगळ्या असल्या तरी एकीत चांगले गुण मिळवणारा बहुधा दुसरीतही बरे मिळवतो. यावरून त्यांनी एका सामान्य घटकाची कल्पना केली. लुई थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात वेगळ्या क्षमता मांडल्या. जे. पी. गिलफर्ड यांनी १९६७ मध्ये पाच प्रक्रिया, चार आशय आणि सहा फलिते यांचा गुणाकार करून १२० घटक दाखवले. एक, सात आणि एकशे वीस. आकडेवारीची रीत बदलली की बुद्धीचे भागही बदलतात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने १९९६ मध्ये या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा बुद्ध्यंक आणि शालेय गुण यांचा सहसंबंध सुमारे ०.५ असल्याचे नमूद केले. म्हणजे मुलामुलांच्या गुणांतल्या फरकापैकी जवळपास एक चतुर्थांश भाग या आकड्याशी बांधलेला, आणि तीन चतुर्थांश दुसऱ्या कशाकशाशी : चिकाटी, घर, शिक्षक, प्रकृती, आवड. एक चतुर्थांश ही मोठी गोष्ट आहे. तीन चतुर्थांश त्याहून मोठी.

गिलफर्डचे एकशे वीस घटक पुण्यात खरोखर कामाला लागले, हे महाराष्ट्राबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, पुढे बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली आणि संस्थेच्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्डच्या प्रारूपावर भारतीय मुलांसाठी चाचण्या रचल्या. त्यांची निवड पद्धत कुणाला पटो वा न पटो, एक गोष्ट तिथे स्वच्छ होती. बुद्धिमत्ता शोधायची ती समाजपरिवर्तनाच्या कामाला प्रेरित करण्यासाठी, असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. त्यामुळे त्यांच्या चाचणीला तिच्याच हेतूवरून जाब विचारता येतो. शिष्यवृत्तीच्या पेपराला तसा जाब विचारता येत नाही. तो मूल शोधण्यासाठी आहे, त्याला पैसे देण्यासाठी आहे, की शाळांची आपापसातली चढाओढ लावण्यासाठी? तिन्ही कामे तो एकदम करतो.

वडगावपासून जवळच, याच हातकणंगले तालुक्यात, कुंभोज आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी तिथे भाऊराव पाटलांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात ते इंग्रजी सहावीत गणितात अडकले. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात : या मुलाला वरच्या वर्गात घालावे असे शाहू महाराजांनी सुचवल्यावर गणिताच्या मास्तरांनी उत्तर दिले, की तो बसतो तो बाक एक वेळ वर घालीन, पण त्याला नाही. मास्तर आपल्या जागी बरोबर होते. त्यांची परीक्षा गणिताची होती आणि त्या परीक्षेत हा मुलगा उणा पडला होता. पुढे त्याच माणसाने ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांसाठी गावोगाव फिरून माल विकला, १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, पैसा नसलेल्या मुलांसाठी ‘कमवा आणि शिका’ची सोय बसवली, आणि वेगवेगळ्या जातींची पोरे एका वसतिगृहात, एका पंक्तीत आणली. माणसे ओळखणे, पैसा उभा करणे, पन्नास वर्षांनी काय लागेल ते आज पाहणे, याला बुद्धी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

१९२१ च्या व्याख्यांपैकी जुळवून घेण्याची व्याख्या इथे पार कोसळते. भाऊरावांनी परिस्थितीशी जुळवून घेतले नाही, त्यांनी परिस्थिती मोडून दुसरी घडवली. स्टर्नबर्ग यांनी १९८५ च्या आपल्या सिद्धान्तात ही फट भरली. जुळवून घेणे, परिस्थितीला आकार देणे आणि जमत नसेल तर दुसरी परिस्थिती निवडणे, या तिन्हींना त्यांनी बुद्धीत जागा दिली. व्याख्या सुधारली की पूर्वी न दिसणारी माणसे दिसू लागतात. व्याख्येचा हा उपयोग मी फार मोठा मानतो.

शाहू महाराजांनी मात्र व्याख्येची वाट पाहिली नाही. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. लायकी कुणाकडे आहे हा वाद त्या काळीही जोरात होता. ज्यांना शाळेचा उंबरठाच ओलांडू दिलेला नव्हता, त्यांची लायकी मोजायची कुठल्या पट्टीने, याला वाद घालणाऱ्यांपाशी उत्तर नव्हते. आधी शाळा उघडावी लागते, मोजण्याची भाषा नंतर येते. हा क्रम कोल्हापूरने घालून दिला, आणि तो पॅरिसमधल्या क्रमासारखाच आहे : तिथेही आधी सक्तीचे शिक्षण आले, बिने नंतर आले.

शाळेची पट्टी किती अरुंद असते, याचा ताजा पुरावा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतून आला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात माल विकणारी मुले किलोचे, पावाचे आणि सुट्ट्या पैशांचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करतात; तीच मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी आणि भागाकार करताना अडतात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचे उलटे : वहीतली गणिते येतात, बाजारातला हिशेब जमत नाही. कौशल्य एकीकडून दुसरीकडे आपोआप वाहत नाही. यातली बुद्धिमान मुले कोणती, असे विचारले तर वाद संपणार नाही. यातल्या कुणाला काय शिकवायचे राहिले, असे विचारले तर शिक्षकाला उद्याच्या तासाचा विषय मिळतो.

म्हणून मी व्याख्यांच्या विरोधात नाही. सर्वांसाठी, सर्व काळासाठी, सर्व कामांसाठी एकच व्याख्या मिळेल, या आशेच्या मी विरोधात आहे. हेतू बांधलेला असेल तर व्याख्या किती काम करते, याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे काय ते लिहून ठेवले : तर्क करणे, शिकणे, अडचण सोडवणे यांत ठळक मर्यादा, आणि त्याचबरोबर रोजच्या, सामाजिक आणि व्यावहारिक वागण्यातही ठळक मर्यादा. दोन्ही हव्यात. नुसता बुद्ध्यंक पुरत नाही. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर टक्केवारी ठरवताना व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीवरच भर दिला. या श्रेणीत मूल आपल्या हाताने जेवते का, कपडे घालते का, शेजारीपाजारी एकटे जाऊन येते का, दुकानातून छोटी वस्तू आणते का, असे प्रश्न पालकांना विचारतात. ज्या व्हाइनलँडच्या संस्थेतून गोडार्ड यांचा शिक्का निघाला, तिथेच एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये ही श्रेणी केली, आणि तिचे भारतीय रूप नागपुरात ए. जे. मालिन यांनी घडवले. मालिन यांचीच भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी मराठीतही आहे.

ही व्याख्या निर्दोष नाही. त्या सूचनांनुसार ५५ ते ६९ गुणांचे मूल सौम्य गटात आणि ५० टक्के दिव्यांगत्वात येते. ७० ते ८४ चे सीमावर्ती गटात आणि २५ टक्क्यांत. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढे मिळतात. म्हणजे ६९ आणि ७० या दोन आकड्यांच्या मध्ये एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य अडकलेले असते. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी मुलाचा हात धरून बसलेल्या आईला हे आकडे कुणी समजावून सांगितले पाहिजेत, तेही तिच्या भाषेत. पण या व्याख्येला उघडपणे चूक म्हणता येते, तिची रेषा सरकवण्याची मागणी करता येते, कोर्टात जाता येते, कारण ती लिहिलेली आहे आणि कशासाठी लिहिली तेही लिहिलेले आहे.

आता पुन्हा सराव संचांकडे येतो, कारण तिथली एक शंका संगणकशास्त्राने अनपेक्षितपणे सोडवली आहे. समजा दोन मुलांना आकृत्यांच्या पेपरात सारखेच गुण मिळाले. एकाने वर्षभर हजारो आकृत्या सोडवल्या होत्या, दुसऱ्याने असा पेपर प्रथमच पाहिला. गुण सारखे, पण शिक्षकाला आतून ठाऊक असते की दोन्ही कामगिऱ्या सारख्या नाहीत. फ्रान्स्वा शोले या तेव्हा गूगलमध्ये काम करणाऱ्या संशोधकाने २०१९ मध्ये नेमके हेच मांडले. कौशल्य म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे. किती थोड्या सरावात किती नवे कौशल्य कमावता येते, ती बुद्धिमत्ता. यंत्राला अमर्याद सराव देऊन कुठलाही गुण विकत घेता येतो, म्हणून त्याच्या गुणांवरून त्याची बुद्धी मोजू नका, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी रंगीत चौकटींची कोडी तयार केली. दोन-तीन उदाहरणे बघायची, नियम ओळखायचा, नवी चौकट भरायची. नवोदयच्या पेपराची सवय असलेल्या आमच्याकडच्या कुठल्याही मुलाला ती ओळखीची वाटतील. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या ओ-३ या यंत्राने त्यांत ७५ टक्क्यांच्या वर मजल मारली आणि २०२५ मध्ये कोड्यांची अधिक अवघड आवृत्ती काढावी लागली. शिष्यवृत्तीच्या पेपरालाही हेच लागू पडते : सराव पुढे जातो, पेपर मागे राहतो.

शोले यांची व्याख्या म्हणजे त्या सत्तर व्याख्यांत पडलेली आणखी एक भर आहे आणि तिच्यातही अव्याप्ती सापडेल. भाऊराव पाटील तिच्यात नीट बसत नाहीत. पण तिने एक काम केले. सराव वजा करून पाहा, असे तिने सांगितले, आणि ते सांगताना कशासाठी मोजायचे हेही सांगितले. हे सूत्र आपल्या शिष्यवृत्तीला लावून पाहण्यासारखे आहे. ज्या मुलाकडे शिकवणी नाही, सराव संच नाहीत, घरी विचारायला कुणी नाही, त्याचे साठ गुण आणि वसतिगृहात राहून तयारी केलेल्या मुलाचे ऐंशी गुण एकाच यादीत वरखाली लावताना, आपण दुसऱ्याला बुद्धिमान म्हणतो ते कशाच्या आधारावर? पैसे देण्यासाठी यादी हवी असेल तर गरजेचा विचार आधी यायला हवा. मूल शोधण्यासाठी हवी असेल तर सरावाचा हिशेब हवा. राष्ट्रीय पातळीवरची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती आठवीत उत्पन्नाची अट लावते आणि मगच बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय क्षमतेचे ९० प्रश्न सोडवायला देते. निदान तिथे एक हेतू तरी दाराशीच विचारला जातो.

दिव्यांगत्वाच्या त्या सूचनांत आणखी एक कलम आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक दिव्यांग म्हणायचे नाही, विकासाला विलंब आहे एवढेच लिहायचे. पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी मूल पुन्हा तपासायचे, आणि प्रमाणपत्रावर ते वय नोंदवायचे. मूल बदलते, हे ज्याने कुणी हे कलम लिहिले त्याला माहीत होते. पाचवीत ‘हुशार’ किंवा ‘ढ’ ठरलेल्या मुलाची फेरतपासणी करण्याची तारीख मात्र आपल्या कुठल्याही शाळेच्या दप्तरात लिहिलेली नसते.